एकाच पदाच्या दोन चाली

आण्णांनी ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र जन्मभर. माझ्या लहानपणी रांजणगावात आमच्या घरी रेडिओ नव्हता, तो पेठेतल्या एका दुकानात होता. रानातून परतताना नाट्यसंगीत लागलेलं असलं की आण्णा बैल थांबवायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत दुकानाबाहेर उभे राहायचे. आत बसायला कुणी नाही म्हटलं नसतं, पण पाय चिखलानं भरलेले असायचे. तिथं कानावर पडलेली एखादी जागा रात्री भजनात ते हळूच घेऊन बघायचे. पेटीवाले विचारायचे, “हे कुठनं आणलं?” आण्णा नुसते हसायचे.

२०१० साली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन सुबोध भावे यांचं, सदाशिव झाले होते महेश काळे आणि खानसाहेब आफताब हुसेन राहुल देशपांडे. म्हणजे पहिल्या प्रयोगापासून ज्यांनी ती भूमिका गाजवली, त्या वसंतराव देशपांड्यांचे नातू. मी तेव्हा एमआयडीसीत पाळीनं काम करत होतो. रविवारची रात्रपाळी बदलून घेतली आणि पुण्याची दोन तिकिटं काढली.

निघताना आण्णा महागणपतीच्या पाया पडून आले. शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली असा पन्नास किलोमीटरचा रस्ता. वाघोलीला गाड्या हलेनात तसे ते सारखे घड्याळ विचारू लागले. बालगंधर्व रंगमंदिरात शिरल्यावर मात्र घाई विसरून ते देऊसकरांनी रंगवलेल्या बालगंधर्वांच्या चित्रांपुढे थांबले. एका चित्रात पुरुषवेश, दुसऱ्यात स्त्रीवेश. आण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला.

खानसाहेबांनी पहिला सूर लावला तेव्हा मी रंगमंचाकडे न बघता आण्णांकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले होते. चाळीसेक वर्षं डोळ्यांनी न पाहिलेलं नाटक समोर उभं होतं आणि ते सवयीनं कानांनीच बघत होते. थोड्या वेळानं डोळे उघडून माझ्या कानाशी म्हणाले, “जागा त्याच हायेत. पण पोरगं आज्याची नक्कल करत न्हाई.”

मला त्या रात्री एवढंच कळलं, पण पक्कं कळलं. जुनं नाटक पुन्हा उभं करायचं तर पाठांतर पुरत नाही. आजोबा गेले १९८३ साली. तेव्हा हा नातू चार वर्षांचाही झाला नव्हता. समोर बसून तालीम मिळण्याचं ते वय नव्हे. पुढं गुरूंकडे शिकून आणि आजोबांचं गाणं ऐकून ऐकून स्वतःच्या गळ्यात मुरवावं लागलं असणार. खुद्द वसंतराव तरी कुठं एका घराण्यात मावले? नागपूरला सप्रे गुरुजी, लाहोरला असद अली खाँ, पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ असं मिळेल तिथून घेतलं आणि वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गाणं सांभाळलं. पाळीवर जाणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जवळची वाटते.

दुसऱ्याचं गाणं आपलं कसं करायचं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटकही याच प्रश्नावर उभं आहे. १९६७च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येतं. खानसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पंडितजींच्या गायकीची चाल सालगवराळी रागात, संथ, फुलाभोवती रेंगाळणारी. खानसाहेबांची धानीत, चपळ, झेपावणारी. शब्द तेच, पण दोन घराण्यांचे दोन स्वभाव समोर उभे राहतात. वाद कुणाची चाल खरी हा नसून एकाची विद्या दुसऱ्याला मिळणार कशी, हा आहे.

म्हणून पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव वेष पालटून खानसाहेबांच्या हवेलीत नोकर होतो. हातानं पडेल ते काम आणि कान सगळे आतल्या गाण्याकडे. हा भाग चालू असताना आण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोलले काही नाहीत. मला दुकानाबाहेरचे ते चिखलाचे पाय आठवले आणि पुढचं सगळं धूसर दिसू लागलं.

नाटक संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आण्णा बसूनच होते, गुडघ्यावर बोटांनी अजून ताल चालू होता. परतीच्या एसटीत ते गप्प राहिले. शिक्रापूर मागं पडल्यावर अगदी बारीक आवाजात गुणगुणू लागले. आधी संथ चाल, मग चपळ. चपळ चालीत दम पुरेना, तर पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या संकष्टीला देवळात भजन होतं. आण्णांनी नेहमीचाच अभंग घेतला, पण मध्येच एक तान अशी उचलली की टाळ क्षणभर थबकले. समेवर आल्यावर पेटीवाल्यांनी सवयीनं विचारलं, “हे कुठनं आणलं?”

आण्णा या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “दुकानाच्या दारात हुभा राहून शिकलोय.” आणि पुढचं कडवं उचललं.