आक्काची राहिलेली चौथी

गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी बोरिवलीहून आक्काचा फोन आला. "आरं, चार दिस ये बाबा. सूनबाईला समजाव. पोराला घरी ठेवलंच हाय, आता पोरीचं बी नाव काढायचं म्हनत्यात."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा मुलगा बोरिवली पूर्वेला राहतो. सून पूर्वी बँकेत नोकरीला होती. थोरला नातू अकरा वर्षांचा, धाकटी सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी थोरल्याला शाळेतून काढून सूनबाईने घरीच शिकवायला घेतले, हे आम्हाला ठाऊक होते. गावाकडे त्यावर बरीच कुजबुज झाली. पण आक्का तेव्हा काही बोलली नव्हती. या वेळी मात्र तिचा आवाज कापत होता. तो का कापत होता हे मला समजत होते. सूनबाईला ते ठाऊक नव्हते.

रब्बीच्या बैठका सुरू व्हायला अवकाश होता. मी चार दिवसांची रजा टाकली, घरची मटकी आणि हुलगे पिशवीत भरले आणि साताऱ्याहून बोरिवलीची एसटी धरली. रात्री नॅन्सी कॉलनीत उतरलो. वाटेत मनात भाषण तयार केले होते. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना भाषणाची सवय फार!

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भांड्यांचा आवाज ऐकून जाग आली. सूनबाई उठलेली होती. नवऱ्याचा डबा, धाकटीचा डबा, आक्काचा चहा, माझा चहा. भाचा लोकल गाठायला पळाला, धाकटी शाळेत गेली आणि नऊच्या सुमारास स्वयंपाकघरातले टेबल पुसून तेथेच थोरल्याची शाळा भरली. भिंतीवर एक मोठा कागद होता. त्यावर आठवड्याचे वेळापत्रक, आणि त्याच्याच खाली आठवड्याच्या भाज्या. मला वाटले, हे तर आपले पीक नियोजन!

तास दीड-दोनच चालला. पण पुढे स्वयंपाकातही शाळा चालूच राहिली. एक वाटी तांदळाला पाणी किती, पाच माणसांना किती वाट्या, पाव किलो शेंगदाण्याचे कूट केले तर वजन तेवढेच राहील का? पोरगा कणीक मळीत होता आणि अपूर्णांकही करीत होता. भाकरी मात्र त्याला आक्काने शिकवली. पहिली भाकरी परातीतच फाटली, तेव्हा आजी-नातू दोघेही हसत सुटले. आक्काला इतके मोकळे हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

मी मदत करायची म्हणून एक प्रयोग लावून दिला. आपण पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासतो, तोच. घरच्या मटकीचे न निवडता शंभर दाणे मोजले आणि दुकानातून आणलेल्या मटकीचे शंभर. दहा-दहाच्या ओळी करून ओल्या फडक्यावर मांडले, वर दुसरे ओले फडके घातले आणि गुंडाळी करून सावलीत ठेवली. "शंभरच का?" असे पोराने विचारले. मी म्हटले, "जितके उगवतील तेवढे टक्के, हिशेब सोपा." तो म्हणाला, "म्हणजे टक्के म्हणजे शंभरातले किती, एवढंच?" आई म्हणाली, "पुस्तकातले तीन धडे वाचले तेव्हा हे डोक्यात शिरत नव्हतं."

बुधवारी आम्ही कान्हेरीला गेलो. शाळेच्या मुलांना सहलीसाठी रविवार लागतो, यांना कोणताही दिवस चालतो. राष्ट्रीय उद्यान त्यांच्या घराजवळच आहे. डोंगरात शंभरावर लेणी, आणि तेथे सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. मला लेण्यांपेक्षा तेथले पाणी पाहून नवल वाटले. लेण्यांपाशी कातळात टाकी खोदली आहेत. पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकात पाट कोरून ते त्यांत सोडले आहे. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी लोकांनी शेते दान दिल्याचेही तेथे कोरले आहे. त्यांत मागाठाण्याचे नाव येते. आज त्याच मागाठाण्याला इमारती आणि मेट्रोचे स्टेशन आहे. तेथे कधीकाळी शेत होते, हे त्या पोराला कातळावरच्या अक्षरांमुळे कळले.

टाकी पाहून मी त्याला शेततळ्याचा हिशेब घातला. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल. किती पाणी? त्याने कागदावर गुणून सांगितले, सत्तावीसशे घनमीटर. मी म्हटले, "चुकलास. बाजू सरळ उभ्या खणल्या तर काठ ढासळेल. उतार ठेवावा लागतो, म्हणून तळ 24 बाय 24 चाच राहतो." दगडावर बसून आम्ही दोघांनी उताराचा हिशेब केला. उत्तर आले 2196 घनमीटर, म्हणजे 21 लाख 96 हजार लिटर. आपल्या किती शेतकरी बंधूंनी आपले तळे असे मोजले असेल?

येथवर वाचून कोणी म्हणेल, साहेब भाषण विसरले आणि सूनबाईचे झाले. तसे नाही. गैरसोयीही मी पाहत होतो. संध्याकाळी चारला पोरगा चेंडू घेऊन खाली जाई, तर बरोबरीची मुले शिकवणीला गेलेली. तो एकटाच भिंतीवर चेंडू मारी. अशाच चार-सहा घरांतली मुले रविवारी बागेत एकत्र येतात, पण रविवार आठवड्यातून एकदाच. आणि सुट्टी? मुलाची शाळा घरीच, म्हणून आईची सुट्टी कायमची रद्द. मे महिन्यात पाहुणे येतात, दिवाळीत फराळ असतो, तेव्हा पुस्तके मिटतात, पण ती बसत नाही. आक्काच म्हणाली, "दुभत्या म्हशीवानी गत हाय तिची. सनवार असला तरी धार काढावीच लागती."

बुधवारी रात्री साडेदहाला सूनबाई भांडी घासत होती. मी पाणी प्यायला गेलो आणि विचारले, "बाई, हे सगळं कशासाठी?"

तिने नळ बंद केला. "मामा, 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा बालवाडीत होता. उघडल्या तेव्हा एकदम दुसरीत. वाचायला अडखळायचा. मग वर्गाबाहेर उभं राहायचं. रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तिसरीत त्यानं बोलणंच सोडलं. तेव्हा नोकरी सोडली आणि त्याला घरी आणलं. पण खरं सांगू? एक रात्र अशी जात नाही, की भीती वाटत नाही. उद्या मोठा होऊन म्हणाला, आई, तू माझं नुकसान केलंस, तर?"

माझे भाषण तेथेच संपले. मी तिला पुढचा रस्ता विचारला. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण मोफत आणि सक्तीचे. त्यात घरच्या शाळेसाठी वेगळे कलम नाही. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, चौदा पूर्ण झाल्यावर दहावीही देता येते. आपल्या राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठी 17 नंबरचा अर्ज असतो. तिने हे सारे एका वहीत लिहून ठेवले होते. 2016 साली मुंबईच्याच मालविका जोशीला दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तेही तिने सांगितले. त्या मुलीच्या आईने तिला सातवीत शाळेतून काढून घरी शिकवले होते, आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली होती. मी म्हटले, "बाई, गोष्ट खरी. पण पीकस्पर्धेतला पहिला नंबर म्हणजे तालुक्याची सरासरी नव्हे."

ती हसली. मग म्हणाली, "आईंना मात्र हे पटत नाही. त्या शिकलेल्या नाहीत ना, म्हणून."

तेव्हा मला बोलावेच लागले.

1972 चा दुष्काळ. आमचा माण तालुका होरपळून निघाला होता. मी तीन वर्षांचा. वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खायला लाल मिलो आणि सुकडी. आक्का तेव्हा चौथीत होती, वर्गात पहिली. मला सांभाळायला घरी कोणी नव्हते. आई म्हणाली, "पोरी, थोडे दिस घरी राहा. घरीच वाच." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. चौथीच्या परीक्षेच्या दिवशी आक्का मला कडेवर घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभी होती, असे आई पुढे रडत सांगे. मी बी.एस्सी. ॲग्रिकल्चर झालो, अधिकारी झालो. ज्या दिवशी नेमणुकीचे पत्र आले, त्या दिवशी आक्काने ते उलटेसुलटे करून, अक्षर अक्षर लावून वाचले आणि म्हणाली, "वाचता आलं बघ मला."

"म्हणून 'पोरीला घरी ठेवायचं' हे शब्द ऐकले, की तिला तुझी शाळा दिसत नाही," मी म्हणालो. "तिला ते कुंपण दिसतं."

सूनबाई काही बोलली नाही. बराच वेळ ओला हात पदराला पुसत राहिली.

शुक्रवारी सकाळी मटकीची गुंडाळी सोडली. घरची 88 उगवली होती, दुकानातली 57. पोराने वहीत लिहिले. न उगवलेले दाणे मी टाकायला निघालो, तर धाकटीने हात धरला. "आजोबा, अजून थांबू की!" आक्का म्हणाली, "राहू दे. गणंग असतील. टरफल कडक असतं त्यांचं, मागनं उगवत्यात." गणंग दाणे शिजायला जसे उशीर लावतात, तसेच उगवायलाही. अधिकारी मी, पण हे आक्काने सांगितले.

त्याच संध्याकाळी सूनबाईने धाकटीला समोर बसवून सरळ विचारले, "तुला दादासारखं घरी शिकायचं का शाळेत?" पोरगी क्षणभरही थांबली नाही. "शाळेत. माझी डब्याची मैत्रीण आहे तिथे." दोन वर्षे थोरल्याला जे औषध लागू पडले, ते धाकटीला नकोच होते. एकाच वाफ्यातली दोन रोपे, पण पाणी वेगवेगळे. नाव काढायचा विचार त्या रात्री बाजूला पडला. थोरला घरीच शिकेल, धाकटी शाळेत जाईल. दोन्ही बरोबर निघेल का, ते आज कोणीच सांगू शकत नाही.

वाचकहो, घरी शिकवणे ही काही आजची टूम नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृतचे धडे त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी दिले. बोरिवलीहून पुढे डहाणूच्या बाजूला कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शिक्षणाने मुलापर्यंत जावे, असा त्यांचा विचार होता.

पण या साऱ्यात एक भेद आहे, तो कृपा करून ध्यानात घ्या. बोरिवलीच्या त्या घरात मूल घरी आहे, कारण आई त्याला शिकवायला बसली आहे. आपल्याकडे मूल घरी राहते ते धाकट्याला सांभाळायला, भांगलणीला, नाहीतर ऊसतोडीला निघालेल्या गाडीबरोबर. नाव दोन्हीकडे 'घरी ठेवले' असेच. पहिल्यात आईने आपली नोकरी दिली, दुसऱ्यात आपण पोरीची पाटी घेतो. "थोडे दिवस" म्हणून काढलेली पोर पुन्हा शाळेत गेलेली मी फार कमी पाहिली. माझ्या घरातलीच गेली नाही, आणि तिच्या पाटीवर मी शिकलो.

घ्यायचेच असेल, तर सूनबाईकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शाळा सोडू नका, पण संध्याकाळचा अर्धा तास चुलीपाशी मुलांना द्या. बियाण्याचे शंभर दाणे त्यांच्याकडून मोजून घ्या. दुधाच्या डेअरीचा हिशेब त्यांना लिहू द्या. तळ्याचे पाणी त्यांना मोजू द्या. हे शिकवायला कोणतीही पदवी लागत नाही.

मी गावी परतल्यावर चार दिवसांनी थोरल्याचा फोन आला. "आजोबा, आपल्या मटकीतले आणखी पाच उगवले. 93 झाले." पाठीमागून आक्काचा आवाज ऐकू येत होता. ती काहीतरी मोठ्याने वाचत होती, अडखळत, पण थांबत नव्हती. मुक्त विद्यालयाच्या प्रौढांसाठीही परीक्षा असतात, हे सूनबाईने शोधून काढले आहे. अर्ज आणून देव्हाऱ्यापाशी ठेवला आहे. आक्काने अजून त्यावर सही केलेली नाही. म्हणते, "आधी पोराचं होऊ दे."

तेवढे एक वाक्य मात्र तिने आता सोडावे, असे मला फार वाटते. दिवाळीला जाईन तेव्हा पेन घेऊनच जाणार आहे.