बाका शब्द

गेल्या महाशिवरात्रीस आमचा नातू पुण्याहून कुणकेश्वरी आला होता. तो जपानी शिकतो. पाढा चुकलेल्या धाकट्या बहिणीस तो ‘बाका’ म्हणाला. आम्हांस वाटले, कौतुकच केले! पण पोरीचे डोळे भरून आले. स्वरावरूनच ती उमजली. जपानीत हा ‘मूर्ख’ अशा अर्थाचा अपशब्द. दोन्ही आकार ऱ्हस्व उच्चारावयाचे, आणि लिहिताना ‘घोडा’ व ‘हरिण’ ही चित्राक्षरे जोडावयाची. संस्कृत ‘मोह’ शब्दापासून तो निघाला, असेही एक मत आहे. आम्ही रागे भरताच नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हीही वर्गात ‘गाढव’ म्हणत होता ना?” आम्ही निरुत्तर झालो. ३५ वर्षे आम्ही तो शब्द उच्चारला. मोह विद्यार्थ्यांचा नव्हे, आमचाच होता.