बाहेर बसवू नका

आमच्या धाकट्याला पहिलीत घालायचे होते, तेव्हा मी चार शाळांचे उंबरठे झिजवले. थोरलीच्या वेळी असले काही झाले नव्हते. जन्माचा दाखला दिला आणि पोर दप्तर घेऊन निघाली. धाकट्याच्या वेळी मात्र जाईल तिथे एकच प्रश्न, "याला काय झालंय?"

त्याला झालेले काही नाही. तो स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात ते हेच. मलाही हा शब्द 2021 पर्यंत ठाऊक नव्हता. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे, त्या माझ्या आया-बहिणींसाठी आमची हकीगत सांगते.

त्याचा जन्म 2018 सालचा. चालायला वेळेवर लागला, पण दोन वर्षांचा झाला तरी 'आई' म्हणेना. हाक मारली तर वळून बघेना. दारातल्या चपला एका रांगेत लावून ठेवायचा आणि कुणी त्यातली एक पायात घातली की जमिनीवर डोके आपटायचा. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून मोरीत जाऊन बसायचा. 2020 ची टाळेबंदी होती. सगळे म्हणत, पोर घरात कोंडलंय म्हणून बोलत नाही. शेजारच्या मावशींनी ताईत बांधणाऱ्या एका बाबाचा पत्ता दिला. खोटे कशाला सांगू, माझे मन डगमगले होते. पण सासूबाई म्हणाल्या, "ते सगळं आपण कधीच सोडून आलो. पोराला दवाखान्यात ने."

महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाई त्याच्याबरोबर जमिनीवर बसल्या. तासभर खेळल्या आणि मग आम्हाला समजावून सांगितले. हा रोग नव्हे. अशा मुलाच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. आवाज, उजेड, स्पर्श त्याला आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. मनातले बोलून दाखवणे त्याला अवघड जाते. हे घालवणारे औषध नाही. कुणी देतो म्हणाले तर पैसे घालवू नका. मात्र त्याच्या पद्धतीने शिकवले तर तो शिकतो. शेवटी त्या म्हणाल्या, "आईचं लक्ष नव्हतं म्हणून हे होत नाही आणि लसीनेही होत नाही." ते ऐकून मी तिथेच रडले. तीन वर्षे मी स्वतःलाच दोष देत होते.

2024 साली शाळेचा शोध सुरू झाला. जवळच्या खासगी शाळेत त्याला नाव विचारले. तो पंख्याकडे बघत राहिला. "दुसरीकडे बघा," एवढेच ऐकून आम्ही परत आलो. दुसऱ्या एका शाळेने सांगितले, रोज एक बाई सोबत बसवा आणि तिचा पगार तुम्ही द्या. माझे मालक टेम्पो चालवतात, मी घरी फॉल-बिडिंग करते. तो पगार आम्ही कुठून देणार? तिसरी विशेष मुलांची शाळा होती. तिथल्या बाई मायेच्या होत्या, पण दोन लोकल बदलून जायचे होते आणि गर्दीत हा किंचाळून बेजार व्हायचा. अखेर घरापासून दहा मिनिटांवरच्या महापालिकेच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी नाव लिहून घेतले. मला वाटले, शोध संपला.

जुलैतली गोष्ट. सासरे त्याचा डबा द्यायला शाळेत गेले. पाहतात तर नातू वर्गाबाहेर व्हरांड्यात वेगळ्या बस्करावर बसलेला. आत चाळीस मुले पाढे म्हणत होती आणि हा बाहेर त्यांच्या चपला रांगेत लावत होता. बाई म्हणाल्या, "आजोबा, तो मध्येच ओरडतो. बाकीच्यांचं नुकसान होतं. इथं तो शांत असतो." खरेच तो मजेत होता. मामांना त्याचेच जास्त लागले.

मामा गिरणीत होते. कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री म्हणाले, "माझ्या बापाला सातारकडच्या गावात शाळेच्या पडवीत बसवायचे. मास्तरचं निम्मं बोलणं ऐकू यायचं नाही. बाबासाहेबांनाही साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागलं. आपल्या पोराला जातीवरून बाहेर काढलं नाही, हे मला कळतं. बाईही वाईट नाहीत. पण बाहेर ते बाहेरच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो. भांडायला नाही. मामांनी बजावले होते, "आधी नीट सांग, मग माग." बाईंना विचारले, तो नेमका कधी ओरडतो? त्यांनी आठवून पाहिले. घंटा होते तेव्हा. त्याचा बाक दाराशी होता आणि घंटा त्याच दारावर! घरी तो कुकरला घाबरतो, हे मी शाळेत कधी सांगितलेच नव्हते. चूक माझीही होती. नाव दाखल केले आणि मोकळी झाले होते.

मग त्याची जागा बदलली. खिडकीकडच्या पहिल्या बाकावर, एका समजूतदार मुलीशेजारी. घंटेआधी बाई त्याला हाताने कान झाकायची खूण करू लागल्या. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर थोरलीने चित्रे काढली. पाणी, संडास, डबा, घर. जे हवे त्याचे चित्र तो बोटाने दाखवतो. आठवड्यातून येणाऱ्या विशेष शिक्षिकेने दिवसभराच्या तासांची चित्रे भिंतीवर लावली. कपाटामागे एक शांत कोपरा केला. गोंगाट सोसेनासा झाला की तो आपणहून तिथे जातो आणि आपणहून परत येतो. त्याला हवे म्हणून बाजूला जाणे वेगळे आणि आपल्याला नको म्हणून बाजूला बसवणे वेगळे. शाळा पारखताना मी आता एवढेच बघते.

यंदा तो दुसरीत आहे. शंभरपर्यंत आकडे लिहितो. बोलणे अजून थोडेच आहे. कधी कधी दिवस वाया जातो, मला शाळेत बोलावणे येते. पण मधल्या सुट्टीत त्याची शेजारीण त्याचा हात धरून रांगेत उभी असते.

बायांनो, शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि गणवेश बघू नका. बाई मुलाबद्दल तुम्हाला काही विचारतात का, ते बघा. फाटक बंद असते का, ते बघा, कारण आपली लेकरे पळून जातात. काही लेकरांना विशेष शाळाच मानवते, त्यात लाज नाही. मारणारी शाळा मात्र कितीही जवळ असली तरी नको.

आणि कायदा ठाऊक असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी दवाखान्यातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिलीत घेताना मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घ्यायला आणि मुलाला मारायला बंदी केली आहे. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठीही दिव्यांग मुलांचा अर्ज चालतो. हे मला पहिल्या शाळेच्या दारात माहीत असते, तर मी मान खाली घालून परतले नसते.

मामा अजूनही रोज डबा घेऊन जातात. आधी खिडकीतून आत डोकावतात. नातू बाकावर दिसला की डबा शिपायाकडे देतात आणि घरी येऊन पोटभर जेवतात.

जयभीम.