अक्षरांचा क्रम

मी वाचायला शिकले ती अंकलिपीवरून. वडिलांनी साताऱ्याच्या बाजारातून आणलेली ती पातळ चोपडी. आत स्वर, व्यंजनं, बाराखडी, मग पाढे आणि शेवटी पावकी-निमकी. आजी भाजी निवडता निवडता क-ख-ग-घ म्हणून घ्यायची आणि मला गळ्यावर हात ठेवायला सांगायची. क-वर्ग घशाजवळून येतो, ट-ठ म्हणताना जीभ टाळूकडे वळते, प-फ म्हणताना ओठ मिटतात. तोंडाच्या आतून बाहेर येत जाणारी ती वर्णमाला मला अशी गळ्याला हात लावून कळली.

शाळेतल्या बाईंनी मात्र पाटीवर आधी ग, म, भ, न काढून दिलं. चारही अक्षरांना उभा दांडा आणि डावीकडे जवळपास सारखंच वळण, त्यामुळे लहान हात पटकन बसतो. वर्णमालेचा क्रम तोंडाच्या सोयीचा, गमभनचा क्रम हाताच्या सोयीचा. दोन्ही विचारपूर्वक लावलेले. मूल वाचायला शिकतं त्यात अक्षरं कोणत्या क्रमाने समोर येतात याचा केवढा वाटा असतो, हे मी पुढे आई झाल्यावर नीट पाहिलं.

इंग्रजी आमच्याकडे पाचवीत आलं. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असं अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. सी, ए, टी ही अक्षरांची नावं आहेत आणि त्या नावांत ‘कॅट’ कुठेच ऐकू येत नाही. पण तेव्हा आमचं वय दहा-अकराचं होतं, मराठी वाचन पक्कं होतं आणि पाठांतराची सवय होती, म्हणून निभावलं. पाच वर्षांच्या मुलाला, ज्याची ही पहिलीच लिपी आहे, त्याला असं शिकवणं म्हणजे सगळा भार स्मरणशक्तीवर टाकणं.

न्यू जर्सीत माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि हे सगळं पुन्हा समोर आलं. पुस्तकात घोड्याचं चित्र, खाली ‘हॉर्स’ हा शब्द, आणि ती ठासून ‘पोनी’ वाचायची. शब्द अडला की चित्राकडे बघ, वाक्यावरून अंदाज बांध, असं तिला शाळेतच शिकवलेलं. चित्र झाकलं की ती गप्प व्हायची.

अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवायचं की अख्खा शब्द ओळखायला लावायचा, हा वाद अमेरिकेत जुना आहे. मुलांना अख्खे शब्द पाठ करायला लावण्यावर रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ सालीच ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ या पुस्तकात कडाडून टीका केली होती. २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ-समितीच्या अहवालाने अक्षर आणि ध्वनी यांची सांगड क्रमवार शिकवण्याच्या, म्हणजे फोनिक्सच्या, बाजूने कौल दिला. तरीही अंदाजाने वाचायला लावण्याची पद्धत बऱ्याच शाळांतून टिकून राहिली.

आम्ही तिला घरी शिकवायचं ठरवलं. न्यू जर्सीत त्यासाठी परवानगीचा फार व्याप नाही. शाळेच्या तोडीचं शिक्षण मिळालं पाहिजे, एवढंच कायद्याचं म्हणणं. खरा व्याप असतो तो अभ्यासक्रम निवडण्याचा. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या परंपरेतले संच आहेत. त्यांत मूल ध्वनी ऐकतं, स्वतः उच्चारतं, अक्षर बघतं आणि बोटाने गिरवतं, सगळं एकत्र. झीगफ्रीड एंगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘टीच युवर चाइल्ड टू रीड इन १०० इझी लेसन्स’ हे १९८३ सालचं पुस्तक आहे. त्यात शिकवणाऱ्याने काय बोलायचं तेही छापलेलं असतं, आणि उच्चारात न येणारी अक्षरं मुद्दाम बारीक छापलेली असतात. याशिवाय रंगीत वह्या, चुंबकाची अक्षरं, गाणी, खेळ. किमतीही खिशाला जाणवतील अशा.

मी प्रत्येक संचात आधी क्रमाचा तक्ता शोधायचे. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४. एकच ‘ओयूजीएच’ ‘थ्रू’मध्ये एक, ‘टफ’मध्ये दुसरा आणि ‘दो’मध्ये तिसराच आवाज काढतं. अशा लिपीत ए-बी-सी-डीचा क्रम शब्दकोश चाळायला उपयोगी, वाचायला शिकताना नाही. बरेच चांगले संच एस, ए, टी, पी, आय, एन अशा अक्षरांनी सुरुवात करतात. एवढ्या सहा अक्षरांत सॅट, पिन, टॅप, नॅप असे शब्द मुलाला स्वतःच्या बळावर वाचता येतात. दुसरी गोष्ट मी बघायचे ती वाचायला दिलेल्या छोट्या पुस्तिकांची. त्यांत शिकवून झालेल्याच अक्षरांचे शब्द असले पाहिजेत. नसले, तर मूल पुन्हा चित्राकडे बघून अंदाज बांधतं.

शिकवायला बसल्यावर आमच्या मराठी जिभेला एक खास काळजी घ्यावी लागली. आपल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ मिसळलेला असतो. मी ‘क, ॲ, ट’ म्हटलं की लेक ते जोडून ‘कॲटअ’ म्हणायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मग मी अक्षरांचे पाय मोडून म्हणू लागले : क्, ॲ, ट्. स् आणि म् यांसारखे लांबवता येणारे ध्वनी आधी घेतले. ‘म्म्म्-ॲ-ट्’ असं तोंडाने ओढत नेता नेता तिच्या तोंडून एकदम ‘मॅट’ बाहेर पडलं, तेव्हा समोर कोणतंही चित्र नव्हतं.

मराठी तिला मी त्यानंतर शिकवलं, आणि तेव्हा अडचण नेमकी उलटी आली. ‘घर’ वाचताना घ पूर्ण म्हणायचा आणि र मधला ‘अ’ सोडून द्यायचा. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा. आपली लिपी उच्चाराच्या फार जवळ आहे, पण अशा जागा मुलाला दाखवून द्याव्या लागतात. अक्षरांच्या क्रमाचा विचार मराठी वाचनासाठी फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी केला. अख्खी वर्णमाला संपायची वाट न बघता थोडी अक्षरं आणि कान्यासारखी एखादी स्वराची खूण शिकवायची, आणि त्यातून लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यायचे. मी त्याच वाटेने गेले. काम, नाक, मामा वाचता आल्यावर तिला पुढची अक्षरं हवीशी झाली.

फोनिक्स शब्दाचं कुलूप उघडतं, पण आत गेल्यावर भाषा लागते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी व्याकरणाच्या वह्यांची मला गरज वाटली नाही. आम्ही रोज मोठ्याने गोष्ट वाचली आणि ऐकलेली गोष्ट तिने स्वतःच्या शब्दांत सांगितली. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाई याच सांगण्यावर भर देत. माझ्या आजीने त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, पण कीर्तनातून परत आल्यावर ‘बुवांनी काय सांगितलं, सांग बघू’ हे ती विचारायचीच.

तुम्ही मुलांना घरी शिकवत असाल, अमेरिकेत किंवा पुण्यात, इंग्रजी किंवा मराठी, तर संच विकत घेण्याआधी त्याची पहिली दहा पानं मुलासोबत बसून वाचा. कोणतं अक्षर आधी येतं आणि का, हे तुम्हाला स्वतःला सांगता आलं पाहिजे. मुलाला शिकलेल्या अक्षरांतून पहिल्याच आठवड्यात एखादा खरा शब्द वाचता आला पाहिजे. या दोन गोष्टी जुळल्या तर साधं, स्वस्त पुस्तकही पुरतं. नाही जुळल्या, तर महागडा संच कपाटातच राहू द्या आणि मुलाला रोज मोठ्याने वाचून दाखवा.