धडधड होणारच, तरी बोलायचं!



वर्गात तीस-चाळीस मुलांसमोर आपण दिवसभर बोलतो. पण तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळेत "आता या मॅडम त्यांचा उपक्रम सादर करतील" असं ऐकलं की घशाला कोरड पडते. समोर मुलं नसतात, आपल्यासारखेच शिक्षक आणि अधिकारी असतात. त्यात नेट मिळेल का, प्रोजेक्टर चालेल का ही धास्ती वेगळीच. या भीतीपोटी कितीतरी चांगले उपक्रम शाळेच्या बाहेर पोहोचतच नाहीत. नुकसान आपलं कमी, दुसऱ्या शाळेतल्या मुलांचं जास्त.

तालुक्याच्या कार्यशाळेत मी पहिल्यांदा क्यूआर कोडवरून कविता ऐकण्याचा उपक्रम दाखवला, तेव्हा माझे पाय लटपटत होते. नंतर एक ताई म्हणाल्या, "किती शांतपणे बोललात हो!" मला वाटलं, उगाच मन राखताहेत. पुढे वाचनात आलं की सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नेमकं हेच मांडलंय. आपली घबराट आपल्याला जेवढी जाणवते, तेवढी ती समोरच्यांना दिसत नाही. भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलेले विद्यार्थी इतरांपेक्षा चांगलं बोलले!

आणि यंत्र अडलं तर? ते मोठ्यामोठ्यांचंही अडतं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ दाखवलं जात होतं. स्कॅनर जोडला आणि भल्या मोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली. सभागृहात हशा पिकला. गेट्सही हसले, म्हणूनच हे अजून बाजारात आणलं नाही, अशा अर्थाचं बोलले आणि कार्यक्रम पुढे गेला.

मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते :

१. पहिली दोन वाक्यं पक्की पाठ करा. बाकीचं पाठ नको, मुद्दे लक्षात ठेवा.
२. व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट मोबाईल व पेनड्राइव्ह, दोन्हींत ठेवा. नेटच्या भरवशावर राहू नका.
३. अर्धा तास आधी जाऊन लॅपटॉप जोडून बघा. शेवटच्या रांगेतून अक्षरं दिसतात का तेही पाहा.
४. नाव पुकारण्याआधी चार-पाच वेळा श्वास सावकाश सोडा.
५. सुरुवात स्वतःच्या ओळखीपेक्षा वर्गातल्या एखाद्या मुलाच्या गोष्टीने करा. आपण स्वतःला नाही, मुलांचं काम दाखवायला आलोय हे आठवलं की निम्मा ताण उतरतो.

पालकहो, हे घरीही लागू पडतं. परिपाठात बातम्या वाचायची पाळी आली की काही मुलांचं त्या दिवशी हमखास पोट दुखतं. त्यांना "त्यात काय घाबरायचं?" असं म्हणू नका. "मलाही धडधडतं, पण ते कुणाला दिसत नाही," असं सांगा आणि घरात दोनदा मोठ्याने वाचून घ्या. माझ्या वर्गात मी हेच सांगते.

धडधड पूर्ण जाईल याची वाट बघत बसलो, तर बोलणं राहूनच जाईल. पुढच्या शिक्षण परिषदेत "कोण सादर करणार?" असं विचारलं, की हात वर करा. तुमचा उपक्रम आम्हालाही वर्गात करून बघायचाय.