दगडाआडची डबी

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब उदरनिर्वाहासाठी इंग्लंडातील स्विंडन या गावी जाऊन राहिले आहे. गोमंतकीयांची तेथे मोठी वस्ती आहे. गतवर्षी मे महिन्यात आठवडाभर त्यांचा पाहुणचार घेण्याचा योग मला आला. पतिपत्नी दोघेही पाळीने कामावर जात. अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून परतला की आपल्या खोलीचे दार लावून घेई, आणि वर्षापूर्वी गावाहून आलेल्या आजी खिडकीशी बसून रस्त्यावरील मोटारी पाहात. त्या घरात भांडण नव्हते. पण संभाषणही नव्हते.

शनिवारी वडिलांना सुट्टी मिळाली. ते म्हणाले, “फादर, आज सर्वांनी मिळून खजिना शोधायला जाऊ.” मला ती थट्टा वाटली, परंतु त्यांनी भ्रमणध्वनीवर नकाशा उघडून हिरवे ठिपके दाखविले. प्रत्येक ठिपक्याच्या जागी कोणीतरी एक डबी दडवून ठेवलेली होती. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. यातील ‘कॅश’चा रोख पैशाशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ दडवून ठेवलेला साठा.

अडीच-तीन तासांच्या प्रवासानंतर आम्ही डेव्हन परगण्यातील डार्टमूरच्या माळावर पोहोचलो. सुमारे ९५४ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश १९५१ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. झाडे विरळ, वारा बोचरा, काटेरी झुडुपांवर पिवळ्या फुलांचा बहर, आणि मोकळी चरणारी ठेंगणी तट्टे. टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे प्रचंड खडक एकावर एक रचल्यासारखे उभे असतात. त्यांना तेथे ‘टॉर’ म्हणतात. आम्ही गेलो तो हेटॉर समुद्रसपाटीपासून ४५७ मीटर उंच आहे.

दडवून ठेवण्याची ही हौस या माळाला नवी नाही. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने माळाच्या उत्तर भागातील क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेविली. तेथवर चालत येणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, एवढाच हेतू. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रे तेथे ठेवू लागले आणि मागाहून येणारा अनोळखी वाटसरू ती नेऊन टपालात टाकू लागला. यावरून या खेळाला ‘लेटरबॉक्सिंग’ हे नाव पडले. पेटीत रबरी शिक्का ठेवण्याची आणि त्याचा ठसा आपल्या वहीत घेण्याची प्रथा आजही चालू आहे.

जिओकॅशिंग हे त्याचेच धाकटे भावंड म्हणावे. उपग्रहांच्या साह्याने पृथ्वीवरील स्थान दाखविणारी अमेरिकेची जीपीएस यंत्रणा पूर्वी सामान्य जनतेला मुद्दाम ढोबळ संकेत देई. मे २००० च्या प्रारंभी तो अडसर दूर झाला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात पोर्टलँड शहराजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके होती, गलोल होती आणि घेवड्याचा एक बंद डबाही होता! त्याची अट सुटसुटीत होती: काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांच्या आत ती दोघांना सापडली.

हेटॉरच्या पायथ्याशी १८२० साली बांधलेला एक रूळमार्ग आहे. त्याचे रूळ लोखंडाचे नसून ग्रॅनाइट कोरून केलेले आहेत. त्यावरून घोड्यांच्या वाघिणी चालत आणि येथला दगड १८३१ साली खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठी गेला. वाट सोपी असल्याने आजीही काठी टेकीत आमच्यासोबत निघाल्या. मुलगा हाती यंत्र घेऊन पुढे, आम्ही मागे. “साठ मीटर... वीस... सहा!” आणि मग बाण गोंधळला. यंत्राची अचूकता काही मीटरांपुरतीच असते; शेवटची पावले डोळ्यांनीच चालावी लागतात. अर्धा तास शोध चालला. शेवटी आजी एका खडकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बाळा, ते तीन दगड बघ. तसे आपोआप पडत नाहीत. कुणीतरी हातानं लावलेत.”

दगडांमागे घट्ट झाकणाची डबी निघाली. आत एक वही, पेन्सिलीचा तुकडा आणि चारदोन क्षुल्लक वस्तू. त्यांत एक छोटी लाल मोटार होती. मुलाने ती उचलली, खिसे चाचपले आणि पुन्हा खाली ठेविली. घेतलेल्या वस्तूच्या मोलाची वस्तू ठेवावी असा नियम, आणि त्याच्याकडे काहीच नव्हते.

“घे रे, इथं कोण बघतंय?” वडील म्हणाले.

मुलगा म्हणाला, “पप्पा, डबी ठेवणाऱ्याला ठाऊकच होतं की इथं कोणी बघणार नाही. तरी त्यानं ठेवली ना?”

वडील ओशाळले. खरे सांगावयाचे तर मीही ओशाळलो. कारण त्यांच्यासारखेच शब्द माझ्याही ओठांवर आले होते. क्षणभर कोणी बोलले नाही. मग आजींनी कोटाआडून पदराचा शेव ओढला, गाठ सोडली आणि गावाहून येताना बांधून आणलेले एक रुपयाचे नाणे नातवाच्या हातावर ठेविले. मुलाने वहीत चौघांची नावे लिहिली. आजींचे मात्र त्यांनी स्वतः मराठीत लिहिले. तीन दगड पूर्ववत लावूनच तो हलला. परतीच्या प्रवासात तो मागच्या बाजूस आजींना बिलगून पुढच्या डबीविषयी अखंड बोलत होता.

हा छंद आरंभण्यास फारसा खर्च नाही. भ्रमणध्वनी, पेन्सिल, पाणी आणि चांगली पादत्राणे पुरतात. प्रत्येक डबीला शोधाची व वाटेची कठीणता एक ते पाच ताऱ्यांनी दर्शविलेली असते. नवशिक्यांनी आणि मुलांसह जाणाऱ्यांनी एक-दोन ताऱ्यांच्या, मोठ्या आकाराच्या डब्यांपासून सुरुवात करावी. खाद्यपदार्थ डबीत ठेवू नयेत. त्यांच्या वासाने जनावरे येतात. नवी डबी ठेवावयाची तर जमीनमालकाची अनुमती घ्यावी आणि ती पुरू नये. रेल्वेस्थानकासारख्या गर्दीच्या जागी बेवारस डबी दिसली तर लोकांचा थरकाप उडेल, हेही ध्यानी ठेवावे. डार्टमूरच्या काही भागांत सैन्याचा गोळीबाराचा सराव चालतो. तेथे लाल निशाण दिसताच मागे फिरावे. धुके उतरले तरीही फिरावे. डबी उद्याही तेथेच असेल.

गेल्या महिन्यात त्या मुलाचा निरोप आला. संकेतस्थळावरील नोंदी तो रोज रात्री आजींना वाचून दाखवितो. कोणा मुलीने भारताचे नाणे नेल्याचे तेथे लिहिले होते. ते ऐकताच आजींनी एकच प्रश्न विचारला म्हणे: “आणि तिनं काय ठेवलं?”