भोपाळचा वेढा

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्प्रचार नेहमी असे. कोणी एखादे काम घेऊन दिवसचे दिवस बसला आणि अखेर हात हलवीत उठला, की ती म्हणे, "झाला हो, भोपाळचा वेढा झाला!" लहानपणी आम्हांला वाटे, की हा वाक्प्रचार साऱ्या मराठी मुलखात चालत असेल. पुढे एम. ए. करताना म्हणींचे आणि वाक्संप्रदायांचे संग्रह चाळले, त्यांत तो कोठेही आढळला नाही. तो आमच्या घरापुरताच होता. घराण्यातले कोणी एक कारकून शिंद्यांच्या फौजेबरोबर भोपाळवर गेले होते, एवढेच वडीलधारी मंडळी सांगत. पुढे काय झाले ते कोणी सांगत नसे आणि विचारण्याची बुद्धी आम्हांलाही झाली नाही.

ग्वाल्हेरहून भोपाळ काही दूर नाही. खात्याच्या कामानिमित्त तेथे किती फेऱ्या झाल्या याची गणती नाही. पण आमचे भोपाळ म्हणजे कचेऱ्या, फायली आणि संध्याकाळची परतीची गाडी. या हिवाळ्याच्या सुटीत सौ.ने अट घातली, "या खेपेला कागदांची पिशवी घरी राहील, आणि शहर पायी पाहायचे." तिची मावसबहीण तेथे तात्या टोपे नगरात राहते, त्यामुळे बिऱ्हाडाची चिंता नव्हती.

धुक्यामुळे गाडी झाशीच्या अलीकडेच रेंगाळली आणि दुपारी पोहोचायची ती रात्री पोहोचली. आम्ही मुद्दाम जुन्या भोपाळ स्थानकावर उतरलो. पूर्वीचे हबीबगंज, म्हणजे 2021पासूनचे राणी कमलापती स्थानक, बहिणीच्या घरापासून जवळ पडले असते, परंतु सौ.ला याच फलाटावर पाय ठेवायचा होता. 1984च्या डिसेंबरात, 2 आणि 3 तारखांमधल्या रात्री, विषारी वायू पसरला तो याच स्थानकाच्या आसपासच्या वस्त्यांवर. त्या रात्री उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली गोरखपूर-मुंबई गाडी वेळेपूर्वीच पुढे काढून दिली आणि आतल्या शेकडो प्रवाशांचे प्राण वाचविले. थंडीत शाल लपेटून सौ. क्षणभर फलाटावर उभी राहिली. मग आम्ही रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आमच्या आग्रहाचा होता. शाळेत इतिहासाचा शिक्षक रजेवर असला, की तो तास आम्ही हौसेने घेतो, आणि भोपाळची लढाई हा आमचा हातखंडा विषय. 1737च्या डिसेंबरात दिल्लीहून मोठी फौज घेऊन आलेल्या निजामाला पहिल्या बाजीरावाने भोपाळपाशी कोंडले. निजामाने तलाव पाठीशी घेऊन शहराचा आश्रय धरला, आणि तीच त्याची चूक झाली. मराठ्यांनी रसद तोडली. दक्षिणेतून बापाच्या मदतीला येऊ पाहणाऱ्या नासिरजंगाला चिमाजी आप्पांनी तापीकाठी अडवून धरले. शेवटी 1738च्या जानेवारीत दोराहा येथे तह झाला, माळव्याची सुभेदारी आणि नर्मदा-चंबळेच्या मधला मुलूख पेशव्यांना देण्याचे निजामाने कबूल केले, आणि वर बादशहाकडून 50 लाख रुपये मिळवून देण्याचे वचनही दिले.

ते दोराहा आम्हांला पाहायचे होते. भोपाळच्या वायव्येला, सिहोर जिल्ह्यातले हे साधे गाव. वाटेत दोन्ही बाजूंना गहू. सिहोरचा शरबती गहू प्रसिद्धच आहे. 2023 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही गावात फिरलो, दोघाचौघांना विचारले, पण तहाची जागा म्हणून बोट दाखविणारे कोणी भेटले नाही. एका शेताच्या बांधावर उभे राहून आम्ही सौ.ला सारी लढाई सांगितली. वर्गात सांगतो तशीच, हातवारे करून. तिने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "पेशव्यांना माळवा मिळाला. निजाम जीव घेऊन गेला. ज्यांच्या गावात हे सारे झाले त्यांना काय मिळाले?"

अध्यापनाच्या एवढ्या वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

परतताना इस्लामनगर पाहिले. 2023पासून त्याचे नाव पुन्हा जगदीशपूर झाले आहे. दोस्त मोहम्मद खानाने ते ताब्यात घेण्यापूर्वी हेच नाव होते. चमन महालातले दगडी पाट, कोरडी कारंजी आणि हमामखाना पाहून होईपर्यंत ऊन कलले.

तिसरा दिवस मात्र पूर्णपणे जुन्या शहराला दिला, आणि खरे सांगायचे तर सहलीचे सार्थक त्या एका दिवसात झाले. सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही पीर गेटापासून चालावयास लागलो. इतवारा, बुधवारा, जुमेराती अशी नावे कानी पडू लागली तशी सौ. हसू लागली. उर्दूत पीर म्हणजे सोमवार आणि जुमेरात म्हणजे गुरुवार. "अहो, ही तर पुण्याची पेठच!" वारांच्या नावांनी वसलेले गाव परके वाटत नाही हे खरे. तटबंदी बहुतेक नाहीशी झाली आहे. दरवाज्यांची नावे तेवढी वस्त्यांना चिकटून राहिली आहेत.

चौकाच्या मधोमध कुदसिया बेगमेने बांधविलेली जामा मशीद आहे; तिच्या मिनारांचे सोनेरी कळस गल्लीतल्या विजेच्या तारांच्या जाळ्यातूनही चमकतात. तलावाकाठचा गौहर महालही तिचाच. ही बाई 1819 साली वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी विधवा झाली. तिने पडदा सोडला, कारभार हाती घेतला आणि मुलीच्या नावाने राज्य चालविले. ती मुलगी सिकंदर बेगम. मोती मशीद तिची. 1863-64मध्ये ती हजला गेली आणि त्या यात्रेचे वर्णन तिने स्वतः लिहिले. तिची मुलगी शाहजहान बेगम. तिने 'ताज-उल-इक्बाल' हा भोपाळचा इतिहास लिहिला आणि ताज-उल-मसाजिद ही प्रचंड मशीद बांधावयास घेतली. 1901 साली ती वारली, काम थांबले, ते 1971मध्ये पुन्हा सुरू होऊन 1985 साली पुरे झाले. तिची मुलगी सुलतान जहान बेगम 1920 साली अलीगढ विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. आई, मुलगी, नात, पणती अशा चार पिढ्यांनी 1926पर्यंत हे संस्थान सांभाळले. आमच्या इंदूर-महेश्वरकडील वाचकांना अहिल्याबाईंची आठवण येईल, आणि ती यावीच. पण तेथे एक अहिल्याबाई होत्या. येथे चौघी लागोपाठ.

गौहर महालाच्या सज्जातून मोठा तलाव दिसतो. हिवाळी उन्हात पाणी इतके निवांत होते, की सौ. तासभर तेथून हलली नाही. आम्हीही घाई केली नाही.

संध्याकाळी चौकात बटवे पाहत हिंडलो. भोपाळी बटवा मण्यांचा आणि जरीचा, त्याचे गोंडे लांब. आमच्या आजीच्या पानसुपारीच्या चंचीचा श्रीमंत भाऊ म्हणावा. बटव्याच्या एका दुकानासमोर पटिया होता. जुन्या भोपाळात दुकानांपुढे बसण्यासाठी फळ्या टाकलेल्या असत, त्यांवर रात्री उशिरापर्यंत गप्पांचे फड रंगत. त्याला येथे पटियेबाजी म्हणतात. आता ते पटिये कमी झाले आहेत. दुकानदार सत्तरी ओलांडलेले, दाढी मेंदीने रंगविलेले. "आइए मास्साब, बैठिए," म्हणाले. आम्ही मास्तर आहोत हे त्यांनी चेहऱ्यावरून ओळखले असावे. चहा आला. तो खारट लागला. भोपाळच्या सुलेमानी चहात चिमूटभर मीठ असते.

कोठून आलात, असे त्यांनी विचारले. ग्वाल्हेर म्हणताच ते मिस्कीलपणे हसले. "अच्छा, सिंधिया वाले! एक बार और आए थे आप लोग."

मग त्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेली हकीकत सांगितली. 1812-13मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी मिळून या शहराला वेढा घातला आणि तो कित्येक महिने चालविला. आत वजीर मोहम्मद खान होता आणि त्याच्यापाशी मूठभर माणसे. धान्य संपले. लोकांनी चिंचोके कुटून, शिजवून खाल्ले. बाहेरचे तटावर चढू लागले तेव्हा बायकांनी वरून दगड लोटले, असे ते म्हणाले. शहर पडले नाही. फौजा उठून गेल्या. सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, किंचित अभिमान होता. दोराहाच्या बांधावर आमच्या आवाजात होता तेवढाच. आठवून पाहिले तर कुदसिया बेगम ही त्याच वजीर मोहम्मदाची सून. वेढ्याच्या वेळी ती दहा-बारा वर्षांची असणार.

म्हणजे आजीचा वाक्प्रचार हा असा होता. आमचे कारकून तटाबाहेरच्या राहुट्यांत हिशेब लिहीत बसले होते, आणि आत चिंचोके शिजत होते.

आम्ही काही बोललो नाही. सौ.ने मात्र सरळ सांगून टाकले, "आमच्या घरचे कोणीतरी होते हो त्या फौजेत." दुकानदारांनी कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसले. "को खां, सुना?" असे शेजारच्या दुकानदाराला ओरडून त्यांनी ही बातमी साऱ्या गल्लीला सांगितली. आणखी एकदा चहा आला. सौ.ने एक बटवा घेतला. भाव त्यांनी काही कमी केला नाही, आणि तेही आम्हांला बरेच वाटले.

बिऱ्हाडी परतताना रिक्षात सौ. म्हणाली, "लहानपणी आम्ही चिंचोके भाजून खात होतो. खेळायलाही तेच." एवढेच बोलून ती गप्प झाली.

चौथ्या दिवशी परतताना विदिशेस चार तास काढले. ही कालिदासाच्या मेघाला लागलेली दशार्णाची राजधानी. संस्थानी काळात भेलसा या नावाने ती शिंद्यांच्याच राज्यात होती. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोर नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला आहे. गावकरी त्याला खामबाबा म्हणतात. परक्या मुलखातला माणूस शत्रू म्हणून नव्हे, तर भक्त म्हणून येऊन खांब रोवून जातो, हे त्या स्तंभापाशी उभे राहिल्यावर आदल्या संध्याकाळमुळे अधिकच जाणवले.

गाडी पुन्हा उशिरा. विदिशेच्या फलाटावर सौ.ने सामान मोजले आणि राहिलेल्या स्थळांची यादी काढली. भोजपूरचे ते अपुरे राहिलेले शिवमंदिर पाहायचे राहिले. उज्जैनच्या वाकणकरांनी 1957 साली जगापुढे आणलेल्या भीमबेटकाच्या गुहा राहिल्या. तेथे आता पुढच्या सुटीत नक्की जायचे, असे ठरले.

"या वेळी पक्के ठरवा," ती म्हणाली, "नाही तर पुन्हा भोपाळचा..." आणि मध्येच थांबली. बटव्याची दोरी ओढून तिने तो पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. चहा मिळतो का पाहा."